हात आहे, बसणं नाही

माझे बाबा पगड्या बांधतात. आमच्याकडची ती एका अंगाला कललेली, टोकदार पगडी, ग्वाल्हेरच्या जुन्या मराठा घरांत दसऱ्याला आणि लग्नात लागतेच. माधवगंजला माहेरच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं. आता त्यांचे हात कापतात, म्हणून पुढे मी बांधायचं असं ठरलं होतं. मतलब बाबांनी ठरवलं होतं, मी नुसती मान हलवली होती.

मला येतं. स्वतःच्या तोंडानं सांगायला कसंतरीच वाटतं, पण येतं. दहावीत नापास झाली, शाळा सुटली, बाकी कशात डोकं चाललं नाही, लेकिन खळीचा ओला कपडा हातात आला की पीळ किती द्यायचा, कुठे थोडा सोडायचा, हे बोटांना आपोआप समजतं. आणि नेमकी तेव्हाच मला भीती वाटते. कारण मग कोणीतरी ती डोक्यावर ठेवून चार लोकांत जाणार, आणि सुटली तर?

म्हणून मी दुसरंच काहीबाही करत राहिली. पार्लरचा कोर्स सुरू केला, सोडला. केक शिकली. ग्रुपवर सूटचे फोटो टाकून विकायला बघितले. मैत्रिणी विचारायच्या काय करते तू आजकल, तर मी पार्लरचं सांगायची. पगडी बांधते हे तोंडातून निघायचंच नाही. आणि यातलं काहीच नसलं की मोबाईल. बाळ झोपलं की मोबाईल, बाळ उठलं की त्याला दाखवायला मोबाईल. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायची. वेळ होता. भीती वाटली की हात मोबाईलकडे जायचा, बस.

किला गेटजवळ माझं सासर. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी बाळाला घेऊन टेम्पोनं माहेरी यायची, धापा टाकत, कारण चहाच्या आत परत पोचायचं असायचं. बाबा कपडा भिजवून तयार ठेवायचे. या कामाचा एकच नियम आहे, पीळ घालायला घेतला की शेवटचं टोक खोचेपर्यंत उठायचं नाही. मधे थांबलं की खळी वाळते, पीळ ढिला पडतो, आणि वरून काही दिसत नाही. वरून पगडी एकदम सुंदर.

एक दिवस एका नवरदेवाच्या वडिलांची पगडी होती. अर्ध्यात आली आणि बाळ रडलं. मी त्याला गाणं लावून दिलं, ते गप्प झालं, पण मोबाईल माझ्याच हातात राहिला. एक बाई केकवर गुलाब काढत होती. मग दुसरी कोणी. बाबा आत जरा आडवे झाले होते. मी परत कपडा धरला तेव्हा तो हाताला कडक लागला, मला समजलं, बोटांना तर लगेच समजलं, आणि तरी मी तसाच पेचावर पेच गुंडाळून टोक खोचलं. उशीर झाला होता. होईल सगळं ठीक, असं म्हणून मी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोचली आणि पाठोपाठ नवरदेवाचे वडील, ते साहेब, स्वतः पगडी न्यायला आले. आरशासमोर उभे राहून त्यांनी घातली, मिशीवरून हात फिरवला, आई म्हणाली, "शोभते हो." मग ते आमच्या देवाला नमस्कार करायला वाकले आणि पुढचा पेच सुटून सरळ नाकावर आला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ते पगडी काढत म्हणाले, "भाऊ, वरात निघायची आहे अजून. व्याह्यांसमोर असं झालं असतं तर? आमच्या वडिलांपासून याच घरची पगडी घालतो आम्ही. हे काय आहे?"

बाबा म्हणाले, "मुलीनं बांधली आहे."

"मुलीनं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कडेवर बाळ, हातात मोबाईल. "तरीच. बेटा, हे रील बनवण्यासारखं नाही. ये बैठ के करने का काम है."

बाबा मधे पडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "हात आहे तिचा, साहेब. बसणं नाहीये."

एवढंच. रागावून पण नाही. मला तिथे जमिनीत जावंसं वाटलं. पार्लरवाल्या मॅडम ओरडल्या होत्या तेव्हा असं झालं नव्हतं, तिथे मी दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही, संपलं. इथून कुठे जाणार.

मी म्हटलं, "मी परत बांधते. आत्ता. तुम्ही थांबा."

"मी थांबू?"

आई म्हणाली, "थांबा हो, चहा टाकला आहे." तेवढ्यात मी पगडी उकलून कपडा परत खळीत भिजवला. चहा त्यांना देऊन आईनं बाळाला उचललं आणि मला म्हणाली, "मी याला फूलबागेकडे फिरवून आणते. तू उठलीस तर बघ."

बाबांनी कपड्याचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं. हात कापले तरी कंबर तर कापत नाही, म्हणाले. मी दुसऱ्या टोकाला बसली आणि पीळ घालायला लागली. बाळ जिन्यात रडायला लागलं, मग गल्लीत, मग ऐकू येईना, आणि ते ऐकू येईना तेव्हाच मला दूध दाटून आलं. ब्लाऊज समोरून ओला झाला. परपुरुष समोर खुर्चीवर बसलेला, माझे दोन्ही हात गुंतलेले, पदर नीट करायला एक हात सोडला असता तर सगळा पीळ गेला असता. मी खाली मान घालून पगडी चढवायच्या लाकडी डोक्यावर पेच बसवत राहिली. कान गरम झाले होते. बाबांनी कमरेचं टोक ताणलेलं ठेवून आपली खुर्ची सरकवली आणि मधे बसले, साहेबांकडे तोंड करून, आणि त्यांना जेवणात काय काय ठेवलं आहे ते विचारत राहिले.

टोक खोचलं. साहेबांनी घातली, वाकले, मान दोन्हीकडे जोरात हलवली. "हं," म्हणाले. "चालेल." आणि गेले. मला काही म्हणाले नाहीत, ते बरोबरच होतं.

आई आली. मी भिंतीकडे तोंड करून बाळाला घेतलं. बोटांना अजून खळी चिकटलेली होती. मागून बाबा म्हणाले, "उद्या एक घर येणार आहे, दसऱ्याच्या पगड्या बांधायला द्यायला. सांगू का त्यांना, मुलगी बांधते म्हणून? की नको?"

आज जे झालं ते मला दिसत होतं, नाकावर आलेला पेच, साहेबांचं "तरीच". तरी नको म्हणायचं नव्हतं.

"किती वाजता येणार आहेत?" मी विचारलं.