उलटा धरलेला खेकडा
जिवंत खेकड्यांचा तो खारट वास आला की मला आखातातल्या अल हैलचा किनारा आठवतो. अब्बा तिथे एका अर्बाबकडे, म्हणजे अरब मालकाकडे, ड्रायव्हर होते. मी दहा वर्षांची असताना अम्मीबरोबर रत्नागिरीहून महिनाभर त्यांच्याकडे गेले होते. एका सकाळी ओहोटीला अब्बा मला खेकडे पकडायला घेऊन निघाले, तर गाडीत अर्बाबची माझ्याच वयाची मुलगी आधीच बसलेली. उथळ पाण्यातून अब्बांनी पहिला खेकडा काढला. तिने तो सराईतपणे हातात घेतला, उलटा करून पोटाकडे बघितलं आणि चक्क आमच्या भाषेत म्हणाली, "मादी. अंडी आहेत, सोडूया." अब्बा खुशीत म्हणाले, "शाब्बास पोरी." माझा नुसता जळफळाट झाला. वर्षातले अकरा महिने माझे अब्बा तिचेच होते. मग त्यांनी दुसरा खेकडा माझ्यापुढे धरला, "ये, तुला शिकवतो." "मला येतं," म्हणत मी तो न बघताच बादलीत टाकला. अब्बा पुन्हा पाण्यात वाकले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाजारात नर कुठला, ते मी अजून मासेवालीलाच विचारते.