घुम्याची गुहा

बंदरावर त्याला सगळे घुम्या म्हणत. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचं त्याचं काम. दिवसभर पाण्याखाली, आणि वर आला तरी तोंडात मिठाची गुळणी. धाकटा भाऊ म्हणायचा, दादाच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा शिंपला उघडणं सोपं.

आणि अशा माणसाला कड्याच्या पोटात, खोल पाण्याखाली, बोगदा सापडावा, आता बोला! सरपटत आत गेला, बोगदा वर चढला आणि डोकं पाण्याबाहेर आलं. कोरडी गुहा. भिंतींवर काळे घोडे आणि हातांचे ठसे, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे. एक ठसा तर एवढासा, लेकराचा. घुम्या तिथे ढसाढसा रडला.

सांगितलं फक्त धाकट्याला. एकदा नेऊनही आणलं. "कुणाला बोललास तर याद राख. लोक येतील, हात लावतील, वाटोळं करतील." खरंच होतं ते, पण अर्धंच. जन्मात पहिल्यांदा काहीतरी त्याच्या एकट्याचं होतं. गढूळ पाण्यात परतीची वाट सापडावी म्हणून बोगद्यात दोरी सोडावी लागे. ती दर वेळी गुंडाळून आणायचा नि घरी खुंटीला टांगायचा, कुणाला माग नको.

एका संध्याकाळी धाकटा घरी आला नाही. शेजारीपाजारी, बंदरावरचे पाणबुडे, सगळे जमले. खुंटीवर दोरी होती, म्हणून घुम्या निवांत. तेवढ्यात भावजय म्हणाली, "कपडे वाळत घालायची माझी दोरीही दिसत नाहीये. सकाळी तर होती."

ती दोरी घेऊन धाकटा गुहेत गेलाय, हे घुम्याला कळलं. बोल की बाबा आता तरी! पण एकदा सांगितलं की गुहा सगळ्या जगाची. कोरड्या जागी बसला असेल, पहाटे मीच आणतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. अंधार पडला तसे लोक पांगले.

पहाटे तो गेला. बोगद्यात कपारीवर घासून ती दोरी तुटली होती. धाकटा गुहेत मधोमध बसलेला होता, कुठल्याही भिंतीला हात न लावता. थंडीने आणि कोंडलेल्या हवेने घात केला होता. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

मग गुहा जगाची झालीच. बोगद्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसली, वर्तमानपत्रात घुम्याचा फोटो आला. त्याने तो फाडून टाकला. वर्षभर भावजयीच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी एका दुपारी तिच्या उंबऱ्यात बसून त्याने सगळं सांगून टाकलं. "तू दोरीचं म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं."

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली.

"मी बघितला होता तुमचा चेहरा," ती म्हणाली. "म्हटलं, हे कुठे आहेत ते भाऊजींना ठाऊक आहे. म्हणून तर त्या रात्री मी निर्धास्त झोपले."