सव्वीस अंशांची सवत

आमच्या घरातली सगळ्यात गार जागा माझ्या वाट्याला आलेली नाही. ती हॉलमध्ये आहे, कूलरच्या समोरच्या कोपऱ्यात, आणि तिथं एक काचेची टाकी ठाण मांडून बसली आहे. दोन हात लांब, हातभर उंच, वर झाकण. आत मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, दगडांवर नखाएवढी रंगीत प्रवाळं आणि नारिंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी. माझी धाकटी बहीण सानगडीहून फोन करते तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते तुझी सवत?" मी म्हणते, "मजेत आहे मेली. सव्वीस अंशावर लोळून राहिली."

मी हसण्यावारी नेते, पण खरं सांगते, मी त्या टाकीवर जळते. तीन वर्षं झाली, जळतेच आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाण्याला काय तोटा? चार कोस गेलं की तलाव. माझ्या माहेरी घरामागेच बोडी होती, शेताच्या पाण्याचं छोटं तळं, त्यात आम्ही बहिणी पाय सोडून बसायचो आणि मासे फुकटात पायांना गुदगुल्या करून जायचे. अशा मुलखात घरात समुद्र आणायची अवदसा कोणाला आठवावी? आमच्या ह्यांना आठवली. नागपूरच्या एका दुकानात यांनी अशी टाकी पाहिली आणि तिथंच पाघळले. अर्धा तास काचेला नाक लावून उभे. मी शेजारी नवी साडी नेसून उभी होते, तिच्याकडे काही लक्ष गेलं नाही.

तेव्हापासून शहापूरच्या आमच्या घरात दिवस उगवतो तो टाकीच्या आकड्यावर. टाकीच्या बाजूला एक छोटा डबा आहे, त्यात पाण्याचं तापमान दिसतं. सकाळी डोळे चोळत हे आधी तिकडे जातात, मग मोरीकडे. पाणी सव्वीस अंशांवर राहिलं पाहिजे. अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालतो. पण झपकन वाढलं तर प्रवाळं पांढरी पडतात, झपकन उतरलं तरी जीव धोक्यात. "एकदम काहीच करायचं नाही तिले," हे सांगतात. "सवडीनं, धीरानं घ्यावं लागते." बावीस वर्षांच्या संसारात हा धीर माझ्यासाठी कुठं ठेवला होता कोण जाणे.

उन्हाळ्यात तर तिचे थाट विचारूच नका. पाण्याच्या तोंडावर चिमट्यानं लावलेला छोटा पंखा. त्या वाऱ्यानं पाणी आटतं आणि आटता आटता गार होतं, आपल्या माठासारखं. मीठ मात्र आत राहतं, म्हणून कमी झालं तितकं साधं पाणी वरून घालायचं. पाणी कुठवर हवं त्याची खूण काचेवर केली आहे, ती माझ्या नेलपॉलिशनं. लाल रंग, थोरल्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला घेतलेला. मी एकदा लावला होता, बाकीची बाटली तिच्या सेवेत वाळून गेली. फ्रीजरमध्ये पाणी भरून गोठवलेल्या बाटल्यांची रांग, मला सरबतात घालायला बर्फाचा एक खडा मिळत नाही. आणि एक वही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तारीख टाकून तापमान लिहायचं. दुपारचा आकडा मी यांना ऑफिसात फोनवर सांगायचा, हे घरी आले की वहीत उतरवणार. माझं बीपी किती असतं ते यांना विचारून पाहा, डोक्याकडे हात जाईल.

या मे महिन्यात यांना ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी तीन दिवस नागपूरला जावं लागलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मला टाकीपुढे बसवलं आणि शिकवणी घेतली.

"पाणी खुणेखाली गेलं का साधं पाणी टाकजो. खारं नको. बाटली एका वेळी एकच. वहीत तीनदा लिहिजो. अन् लू सुटली का समोरचं दार लावून घेजो, धूळ जाते तिच्यात."

"अन् माझं काय?" मी म्हटलं.

"तुझं काय?" हे खरंच बुचकळ्यात पडले.

तेव्हाच मी मनाशी पैज लावली. तीन दिवसांत फोन येतील. त्यात एकदा, फक्त एकदा, यांनी तिच्या आधी माझं विचारावं. बस. विचारलं तर मी जन्मात टाकीला नावं ठेवणार नाही. आणि नाही विचारलं तर काय करीन, हे मी ठरवलं नव्हतं. तेच बरं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन फोन आले. "किती आहे?" "सव्वीस पॉइंट दोन." "पंखा?" "सुरू आहे." "ठीक, ठेवतो." मी फोनकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला थंडी वाजून ताप भरला. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि मी चादर गुंडाळून. मोजला, एकशे दोन. गोळी घेतली. तेवढ्यात फोन. "किती आहे?" हे म्हणाले. माझ्या जिभेवर 'एकशे दोन' आलं होतं. पण मानी आहे ना मी, म्हटलं, "सव्वीस पॉइंट चार." "वा! छान ठेवलं तू." मला छान ठेवलं म्हणाले ते तिच्याबद्दल. ताप आणखी चढला असेल माझा.

अकराच्या सुमारास गरम वाऱ्याची लू सुटली. मी सांगितल्याप्रमाणे समोरचं दार लावलं. खिडक्याही लावल्या, वारा अंगाला बोचत होता. मागच्या खिडकीतला कूलर तेवढा तिच्यासाठी चालू ठेवला, थंड हवा सोड म्हटलं हिच्यावर किती सोडायची ती, आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

चारला उठले. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर चिकचिक. मानेला घाम, गाऊन पाठीला चिकटलेला. टाकीवर आकडा, अठ्ठावीस पॉइंट चार.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. कूलर सुरू, पंखा सुरू, मग वाढलं कसं? एक बाटली पाण्यात सोडली. वहीत लिहायला बसले. मागच्या पानांत कधी इतकं वाढलं होतं का, ते पाहावं म्हणून पानं उलटत गेले. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी. दिवाळीनंतरच्या एका तारखेवर बोट थांबलं.

ती तारीख मी विसरणं शक्य नाही. त्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझी पिशवी काढली होती. दुपारी शुद्धीवर आले तेव्हा खाटेजवळ धाकटी बहीण होती. हे नव्हते. अर्ध्या तासानं आले, हातात शहाळं. म्हणाले, "खाली औषधाच्या दुकानात लई गर्दी होती." मी मान डोलावली होती. वहीत त्या तारखेपुढे यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : दुपारी दोन दहा, पंचवीस पॉइंट आठ.

घरात आकडा सांगायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे मला आत नेलं आणि हा माणूस गाडीला किक मारून घरी आला. थंडीचे दिवस, टाकीला काही म्हणजे काही धाड भरली नव्हती. झाकण उघडून पाहिलं, वहीत लिहिलं, येताना शहाळं घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू आलं नाही, रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. बाटलीही काढून घेतली. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. म्हटलं, हो पांढरी. पाहू दे त्यांना येऊन.

किती वेळ बसले माहीत नाही. आकडा अठ्ठावीस पॉइंट नऊ झाला. मासे एरवी दगडाजवळ खेळतात, ते वर आले. पाण्याच्या तोंडाशी येऊन भराभरा श्वास घ्यायला लागले, गाल आत, गाल बाहेर. मीही तशीच धापा टाकत होते. अंग भाजतंय, कोणी विचारत नाही, आणि बोलायची सोय नाही. तिघांची गत एकच. "तुमचा काय गुन्हा गं बायांनो," मी मोठ्यानं म्हटलं. त्यातला एक नर आहे, पण तेव्हा कोण पाहतं.

पंखा लावला. तरी आकडा हलेना. घशाला कोरड पडली म्हणून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं. तोंडात घेतलं आणि थांबले. कोमट! भर मे महिन्यात, भरलेल्या माठातलं पाणी कोमट. माठ गार होतो तो कोरड्या हवेत. आणि मी कूलर चालवून दारं-खिडक्या लावून बसले होते. आत नुसती ओल कोंडली होती. माझा घाम वाळत नव्हता, माठ निवत नव्हता, तिचं पाणी आटत नव्हतं. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पण लू सुटली का दार लाव, असं साहेबांनी सांगितलं होतं ना.

मी धाडकन दार उघडलं. समोरची खिडकीही. लू आत आली, धूळ आली, येऊ दे. कूलरची हवा सळसळत दारातून बाहेर निघाली. माझ्या मानेवरचा घाम वाळला तसं मला उमगलं आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तीन उन्हाळे हे दिवसभर ऑफिसात. दुपारी दार उघडं ठेवायचं काम कोणाचं? माझं. वहीत वर्षभर यांची अक्षरं, पण भर दुपारी तिला सव्वीसवर ठेवलं होतं मी. सवतीला वारा घालत होते आणि मलाच पत्ता नव्हता.

सातला आकडा सत्तावीसच्या खाली आला. मी वही घेतली. खाडाखोड न करता सगळं लिहिलं, अठ्ठावीस पॉइंट चार, अठ्ठावीस पॉइंट नऊ, सव्वीस पॉइंट नऊ. मग पट्टी घेऊन बाजूला एक रेघ ओढली, वर लिहिलं 'मी', आणि खाली माझा ताप. सकाळी एकशे दोन. संध्याकाळी एकशे एक पॉइंट सहा. सगळ्यात खाली : दार उघडं ठेवणे.

फोन आला. "किती आहे?" मी सांगितलं. पंखा मी बंद केला होता, ते नाही सांगितलं. आजही नाही सांगितलेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले. माझा ताप उतरला होता, अंगात त्राण नव्हतं, मी दिवाणावर पडून पाहत होते. बॅग ठेवली, जोडे काढले, सरळ टाकीकडे. झाकण उचललं, हात कोपरापर्यंत आत घातला, प्रवाळांवरून बोट फिरवलं. सगळी जिथल्या तिथं, रंगीत. यांचा चेहरा असा फुलला की माझा पुन्हा एकदा भडका उडाला. मग वही उघडली.

"अठ्ठावीस पॉइंट नऊ? काहून वाढलं हे?"

"बाजूचं वाचा."

"एकशे दोन?" यांनी चष्मा वर केला. "हे कशाचं?"

"माझं."

हे तसेच उभे. हातातून पाणी फरशीवर टपटपत होतं. "तुले ताप होता? मग मले सांगाचं नाही का?"

"तुमी टाकीचं इचारलं, मी टाकीचं सांगितलं."

मी म्हटलं, "मागं दिवाळीनंतरचं पान काढा. दुपारी दोन दहा."

यांनी पान काढलं. वाचलं. मग वही मिटून ठेवली आणि दिवाणाजवळ येऊन, खाली बसून, माझ्या कपाळावर हात ठेवला. बावीस वर्षांत मला असा हात लावून पाहिल्याचं आठवत नाही. हात ओला होता, खारट वास येत होता. आधी तिच्यातच बुडवलेला. मी तो झटकणार होते. पण इतका गार होता, बरोब्बर सव्वीस अंश असेल, की मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "राहू द्या थोडा वेळ."