उजवीकडून उघडणारी भूमिती

पर्यवेक्षिकेचं काम माझ्याकडे आल्यापासून मी तीन वह्या ठेवते. एकीत रजा आणि बदली तासिका, दुसरीत घटक चाचण्यांचे निकाल, तिसरीत तक्रारी. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एकाच शिक्षिकेची नोंद तिन्ही वह्यांत झाली.

ती अकोल्याची. आमच्या अमरावतीच्या शाळेत तासिका तत्त्वावर भूमिती शिकवायची. तिच्याकडे दहावी ब आणि खालचे दोन वर्ग. वय माझ्या निम्मं असेल. शिकवण्याची पद्धत अशी की प्रत्येक प्रकरणावर ती स्वतः एक चित्रकथा काढायची, जपानी पद्धतीची. तिला कोणी कॉमिक म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची, "म्याडम, मांगा." कथा नेहमी एका हायस्कुलात घडायची. ते हायस्कूल हुबेहूब आमचंच. पत्र्याचं सायकल स्टँड, सुविचाराचा फळा, लाल रिबिनींच्या वेण्या घातलेल्या मुली, फक्त डोळे कपाळापर्यंत मोठे. मुली कोन मोजत भांडायच्या, रुसायच्या, शेवटी एखादं प्रमेय सिद्ध करायच्या.

पहिल्या घटक चाचणीत दहावी ब मागे पडली. चार पालक भेटायला आले. "मास्तरीण वर्गात कार्टून वाटून राहिली, अन् बोर्डाचा पेपर काय कार्टूनवर येणार आहे?" एकाने विचारलं. मी ते तक्रारींच्या वहीत उतरवलं. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं.

मुख्याध्यापक धामणगाव रेल्वे या गावचे. बोलायला तिखट, मनाचे बरे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे मांगा मांगा काय लावलं तिनं? आपण तं काही मांगितलं नव्हतं."

"सर, मुलांना आवडतं."

"आवडते तं मलेही आलुबोंडा. रोज डब्यात आणू का?" मग ते सरळ मुद्द्यावर आले. दिवाळीनंतर दहावी ब तिच्याकडे ठेवायची की काढायची, याचा लेखी अभिप्राय मी शनिवारपर्यंत द्यायचा. दहावी काढली तर तिच्या तासिका इतक्या कमी होणार होत्या की तिला अमरावतीत राहणं परवडलं नसतं. ती अकोल्याला परत गेली असती. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

त्याच आठवड्यात तिच्या बहिणीचा साखरपुडा होता. गुरुवार-शुक्रवार ती रजेवर गेली. जाताना नवी चित्रकथा माझ्या टेबलावर ठेवून गेली. आठ पानं, प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र, बाजूला पिना मारलेल्या. सोबत चिठ्ठी: झेरॉक्स काढून वाटाव्या, बाकी मुलांना माहीत आहे.

मी पानं चाळली. पानांवर क्रमांक नव्हते. मला हे खपत नाही. मी लाल पेन घेतलं आणि नेहमीच्या पुस्तकासारखं डावीकडून सुरू करून कोपऱ्यात एक ते आठ आकडे टाकले. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याने गठ्ठा हातात घेऊन पाहिला.

"म्याडम, पिना उजवीकून हायेत. उर्दू शाळेचं आहे काय?"

"मराठी माध्यम. माझ्या आकड्यांप्रमाणे लावा आणि पिना डावीकडून मारा."

"तुमी म्हणता तसं," तो म्हणाला. त्याच्या दुकानात दोन्ही प्रकारच्या शाळांची कामं येतात. पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं हे तो आधी बघतो. मी पाहिलं नव्हतं. जपानी पुस्तकंही उजवीकडून उघडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने पहिल्याच आठवड्यात मुलांना ते सांगून ठेवलं होतं. मी मात्र शेवटच्या पानाला एक नंबर देऊन आले होते.

गोष्ट कोनदुभाजकाच्या प्रमेयाची होती. दोन मैत्रिणींची दोन घरं आणि तिसऱ्या टोकाला शाळा, म्हणजे त्रिकोण झाला. शाळेच्या फाटकातून एक पायवाट निघते, ती फाटकापाशी होणारा कोन बरोबर दुभागते आणि दोन घरांमधल्या रस्त्याला मिळते. एकीचं घर शाळेपासून दुसरीच्या दुप्पट लांब. तर त्या रस्त्याचेही तसेच वाटे पडतात, लांबच्या घराकडचा दुप्पट. ते का, यावरून भांडण. एक जण दोरी आणते. ती जवळच्या घराच्या अंतराइतकी मापून घेते आणि लांबच्या घराची वाट शाळेच्या मागे सरळ वाढवून त्या रेषेत ताणते. मग दोरीचं टोक जवळच्या घराशी जोडलं की कोन सारखे निघतात, ती रेषा पायवाटेला समांतर निघते, आणि प्रमाण जुळतं. शेवटी दोघी हसतात.

गुरुवारी तिच्या बदली तासाला मीच वर्गात गेले आणि प्रती वाटल्या. पहिल्याच पानावर दोघी हसत होत्या. "निघालं का नाही बरोबर!" असं एक म्हणत होती. मला वाटलं, ही असेल जपानी पद्धत. दुसऱ्या पानावर रेषा आपोआप समांतर होत्या. तिसऱ्या पानाला मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, हे तं उलटं छापलं!" वर्ग खो खो हसायला लागला. माझा चेहरा गरम झाला. मी म्हटलं, सगळ्या प्रती परत द्या.

तेवढ्यात वलगावची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी भाजीचा मळा. सकाळी भाजी गाडीत चढवून मग शाळेत यायची, त्यामुळे पहिला तास बऱ्याचदा बुडायचा. चाचणीत ती भूमितीत नापास होती.

"राहू द्या ना म्याडम. मले समजून राहिलं."

"काय समजतंय?"

"दोरी काहून आणली ते." तिने पानं एकेक उलटत बोटाने दाखवलं. "शेवटी प्रमाण जुळलं पाहिजे. त्याच्यासाठी ह्या दोन रेषा समांतर पाहिजेत. समांतर व्हायले हे कोन सारखे पाहिजेत. कोन सारखे तवाच होतात, जवा ह्या दोन बाजू सारख्या असतीन. अन् बाजू सारखी कराले दोरी! पुस्तकात तं ती रेष आभाळातून पडते, अन् तुमी म्हणता, रचना."

कोणी हसलं नाही. दोन बाकं पुढे कोणीतरी म्हणालं, "अबे हो ना."

पंचवीस वर्षं मी हे प्रमेय शिकवते आहे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, या क्रमाने. रचना आली की मुलं मान खाली घालतात आणि फळ्यावरून उतरवून घेतात. ती रेष कुठून सुचली, हे विचारण्याची त्यांना सोय नसते, आणि मीही कधी ते सांगायच्या भानगडीत पडले नव्हते. मी प्रती परत घेतल्या नाहीत. उरलेला तास आम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे गेलो, मग पुन्हा सुरुवातीकडून शेवटाकडे. शुक्रवारी पुस्तकं बंद करून तेच प्रमेय लिहायला दिलं. वलगावच्या मुलीने पूर्ण लिहिलं. आणखी बऱ्याच जणांनी रचनेपुढे कारण लिहिलं होतं, जे पाठ्यपुस्तकात नाही.

शनिवारी सकाळची शाळा. ती अकोल्याहून थेट आली, हातात पेढ्यांचा डबा. मी तिला बसवलं आणि माझी चूक सांगितली. तीन वाक्यांत सांगून संपवली. मला वाटलं, ती चिडेल, निदान हिरमुसेल. शिक्षक-खोलीच्या लांब टेबलावर तिने आठही पानं माझ्या आकड्यांप्रमाणे मांडली आणि उभ्याउभ्या वाचून काढली. मग उलट वाचली.

"म्याडम," ती म्हणाली, "मी सहावं पान उगीचच काढलं."

"म्हणजे?"

"त्यात पोरीले दोरी एकदम सुचते. तुमच्या बाजूनं वाचलं तं ते पान कोणालेच नाही लागत. मले वाटायचं, मी सुचायचं कसं ते शिकवून राहिली. मी तं फक्त पुस्तकच चित्रात उतरवून राहिली होती." तिने डबा माझ्याकडे सरकवला. "पेढा घ्या. अन् त्या पोरीची वही दाखवा."

वही पाहताना तिने काहीही वाखाणलं नाही. पोरीने कोणतं कारण आधी लिहिलं, कोणतं मागून, एवढंच पाहत होती. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ शिक्षक पाहिले. स्वतःची चूक झाकणारे पाहिले, दुसऱ्याची उघड करणारे पाहिले. दुसऱ्याच्या चुकीत आपलं उणं शोधणारी मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तेही ज्या दिवशी तिची दहावी राहते की जाते ते ठरणार होतं त्या दिवशी.

शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापकांकडे गेले. झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे पोरं शिकली ती तुमच्या गलतीनं. तिच्या मांगानं नाही."

हा प्रश्न येणार, हे मी धरून चालले होते. "सर, पाठ्यपुस्तकातली सिद्धता कुणीही शेवटून वाचू शकतं. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने वाचली नाही. मीसुद्धा नाही. इथे पानं उलट लागली तरी मुलं वाचत राहिली, कारण पुढे चित्र होतं."

"अन् पालक?"

"पालकांना शुक्रवारच्या वह्या दाखवू."

"बोर्डात निकाल घसरला तं तुमाले विचारीन मी. तिले नाही."

"विचारा."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या मग."

मी तिथेच बसून लिहिलं. दहावी ब तिच्याकडेच राहावी. कारणं दिली, वह्या जोडल्या, पानांचे क्रमांक चुकीचे कोणी घातले तेही लिहिलं. त्यांनी वाचलं, शेवटच्या ओळीवर हसले आणि सही केली.

ती सायकल स्टँडजवळ उभी होती. मी म्हटलं, "दहावी ब तुझीच."

तिने डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला. आभार वगैरे मानायच्या ती फंदात पडली नाही. "मग म्याडम, आठवड्यातून एक तास मले द्या. मी प्रमेय काढते, तुमी शेवटून वाचा. जिथं अडसान तिथं मले सांगा."

वेळापत्रकात बुधवारचा शेवटचा तास माझा मोकळा होता. तो मी तिच्या नावे लावला. पहिल्या बुधवारी तिने वर्तुळाच्या स्पर्शिकेची गोष्ट आणली. मी शेवटून वाचत गेले आणि पाचव्या पानावर अडले. लंब कशासाठी टाकला, ते काही केल्या कळेना. मी तसं सांगितलं. तिने वाद घातला नाही. पान ओढून घेतलं, रबर काढलं आणि मुलीचे मोठाले डोळे तेवढे ठेवून बाकीचं सगळं पुसायला लागली.