मेश्राम सरांचं 'अभी नहीं'

मेश्राम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सराफ्यात पैंजणाची कडी बसवून घेत होते. सकाळी चेरीतालच्या घरी चहा पिता पिता झटका आला आणि संपलं... सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता त्यांची प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात पडणार. रडू नंतर आलं, घरी परतताना.

आम्ही दोघंही एकाच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. मी फळ्यावर, ते प्रयोगशाळेत. वीसपैकी अकरा, वीसपैकी तेरा असले गुण त्यांना मान्य नव्हते. एखादी गोष्ट तुम्हाला आली, नाहीतर अजून आली नाही, एवढंच. नापास हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, मुलांना ते शांतपणे म्हणायचे, "अभी नहीं." मग त्या मुलाची ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडायची ती काचेची उभी नळी, नावाची चिठ्ठी लावून स्टँडवर तशीच राहायची. हव्या तितक्या वेळा येऊन पुन्हा करायचं. जमलं की स्वतः धुऊन कपाटात ठेवायची. सगळं जमलं की पूर्ण गुण. त्यामुळे त्यांच्या मुलांचे गुण नेहमी शेवटच्या दिवशी जायचे, आणि प्राचार्यांची बोलणी आम्हा सगळ्यांना खावी लागायची. एकदा वैतागून मी म्हटलं, साठ टक्के येतं त्याला साठ द्या आणि मोकळे व्हा की.

"काहून, ताई?" ते हसले. "साठ टक्के पोहता येते म्हणून पोराला नर्मदेत सोडता काय तुम्ही?"

ते गेले तेव्हा टेबलावर तीन ब्युरेट उभ्या होत्या. गुण भरायला आठवडाही उरला नव्हता. कोणाच्या आहेत हे मी वाचलंसुद्धा नाही. तिन्ही धुऊन आत ठेवायला सांगितल्या आणि सरसकट सगळ्यांना चांगले गुण देऊन टाकले. सरांच्या मुलांवर दया केली, असं मी स्वतःला सांगितलं; खरं तर मला कटकट नको होती. शोकसभेत मात्र त्यांचा वारसा पुढे नेण्याबद्दल मी असं काही बोलले, की लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले...

दुसऱ्या दिवशी पूजा आली. सरांच्या वर्गातली, फारसं न बोलणारी मुलगी. तिला अठरा का मिळाले, असं तिनं विचारलं. मला वाटलं, वीस हवेत. कमी वाटले का, असं मी जरा तोडूनच विचारलं.

"नहीं मैडम. मेरा तो अभी हुआ ही नहीं था. सर के सामने दो बार बिगड़ा. आपने तो देखा भी नहीं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी खाली मान घालून एक ब्युरेट कपाटातून काढली, म्हटलं, चल, आता दाखव. ती जागची हलली नाही. सर आधी स्वतः करून दाखवायचे, असं तिनं हळूच सांगितलं. मग मी उभी राहिले. द्रावणाला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. हातानं शेवटचं कधी केलं ते आठवत नव्हतं. तोटी जरा जास्त फिरली आणि फ्लास्कमधलं पाणी राणी रंगाचं झालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोई बात नहीं, मैडम," पूजा म्हणाली. "अभी नहीं."

गुण दुरुस्त करायचा अर्ज मी दिला आहे. प्राचार्य म्हणतात, झालं गेलं कशाला उकरून काढता? पूजाला नावं विचारून उरलेल्या दोघांनाही बोलावलं. आता संध्याकाळी आम्ही चौघं सरांच्या त्या लांब टेबलाशी उभे असतो. मागच्या आठवड्यात पूजानं लागोपाठ तीनदा करून दाखवलं आणि तिन्ही वेळचे आकडे जुळले; तिनं ब्युरेट धुतली, पुसली, कपाटात ठेवली. मग त्या दोघांच्याही गेल्या.

टेबलावर एक अजून उभी आहे. तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी आहे.