आईला नागपूरला न्यायची गाडी

छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून रायपुरात गाड्या इतक्या वाढल्या होत्या की मेकॅनिकलाही भाव चढला होता. आमच्या जुन्या मोटारीचा पाण्याचा पंप गळायला लागला, तेव्हा मी भनपुरीच्या एका गॅरेजात गेले. तिथला माणूस बॉनेट न उघडताच म्हणाला, "दशहरे के बाद लाइए, दीदी. अभी मंत्रालय की गाड़ियाँ खड़ी हैं." दसऱ्यानंतर ती गाडी आम्हाला काय चाटायची होती? तणतणत मी शेजारच्या दुकानातून नवा पंप घेतला आणि घरी आले.

निवृत्त झाल्यावर बाबांनी ती गाडी एकाच कामासाठी घेतली होती. विजयादशमीला आईला नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायचं. लग्न होऊन इकडे आल्यापासून आई दर वर्षी रेल्वेच्या पासवर, उभ्यानं का होईना, जात आली होती. मग तिचे गुडघे गेले. त्या गर्दीत डब्यात चढणं तिला जमेना. दसरा आला की ती पांढरी साडी धुवायची, घडी करून पुन्हा पेटीत ठेवायची आणि दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही. मला ते बघवत नसे.

बाबांनी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात वॅगनी दुरुस्त केल्या. मोटारीच्या इंजिनात त्यांनी कधी हात घातला नव्हता, पण ते कबूल कोण करणार? "वॅगन काय अन् मोटार काय, लोखंड तं लोखंडच राह्यते," असं म्हणत त्यांनी अंगणात गाडीखाली घमेलं सरकवलं आणि रेडिएटर रिकामा केला. मी पाने हातात द्यायला बसले.

कारखान्यातली त्यांची एक पद्धत होती. काढलेल्या भागाची आकृती खडूनं जमिनीवर काढायची आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी उभा करायचा, कारण कोणी आखूड असतो, कोणी लांब. आई दिवसभर ती आकृती रांगोळीसारखी चुकवत ये-जा करत होती. दुपारपर्यंत सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी अंगणभर बसली, पण तिनं झाडूला हात लावला नाही.

नव्या पंपाबरोबर पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायचं गॅस्केट नव्हतं. मी पुन्हा भनपुरीला निघाले, तर बाबांनी थांबवलं. त्यांनी जाड कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत गेले. कागद त्याच आकारात कापला गेला. ती बारीक टकटक मला आज कुठूनही ऐकू यावी असं वाटतं. इतकी आठवण त्यांच्या बोलण्याचीही येत नाही.

संध्याकाळी गाडी सुरू केली. एक थेंब गळला नाही, पण आतून कुईंकुईं आवाज येऊ लागला.

"नवीन हाये. आपोआप बसन," बाबा म्हणाले.

आई दारातल्या खुर्चीवर होती. ती घरी कपडे शिवायची. "पट्टा लय ताणला जी तुमी," ती म्हणाली. "माही मशीन बी अशीच रडते ताणल्यावर."

"आता शिलाई मशीनवाली मले शिकवन."

"शिकवत नाही. मले रस्त्यात नाही बसाचं. मले नागपूरले जाचं हाये."

बाबा फणकाऱ्यानं हात धुवायला गेले. वॅगनीचे बोल्ट जीव खाऊन आवळायची सवय त्यांच्या हातांना होती. काही ढिलं ठेवायचं म्हणजे त्यांना कामचुकारपणा वाटायचा. पंप फिरवणारा फॅनचा पट्टा त्यांनी असा आवळला होता की अंगठ्यानं दाबला तरी हलेना. तसाच राहिला असता, तर नव्या पंपाचं बेरिंग वाटेतच गेलं असतं.

चहानंतर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. बाबा गुपचूप बॉनेटखाली वाकले होते. बोल्ट सैल करायचे, पट्टा दाबायचे, पुन्हा थोडं सैल. गाडी सुरू झाली, आवाज गेला. आईनं ऐकलं आणि ती पोळ्या लाटत राहिली. त्या माउलीनं एकदाही टोमणा मारला नाही, मी असते तर आठवडाभर पुरवला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. देवरी गेलं, भंडारा गेलं, गाडीनं कुरकूर केली नाही. नागपुरात मात्र दीक्षाभूमीच्या बऱ्याच अलीकडे पोलिसांनी गाड्या मैदानात वळवल्या. पुढे पायीच जायचं होतं. बाबा हातातल्या किल्लीकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

आईनं तोवर दार उघडलं होतं. ती उतरली आणि तिनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात आमच्यासमोर त्यांनी एकमेकांना कधी स्पर्श केलेला मला आठवत नाही.

"हळूहळू जाऊ," बाबा म्हणाले.

"घाई कोणाले हाये?" आई म्हणाली.

गाडीचं एक दार नीट लागत नव्हतं, म्हणून राखण करायला मला तिथंच ठेवलं. "मले काहून?" असं म्हणून मी तोंड फुगवून बॉनेटला टेकले. दोघं खूप वेळ दिसत होते, मग गर्दीत मिसळले. उन्हं उतरल्यावर परत आले, तेव्हा आईचे पाय सुजले होते आणि ती वाटभर बोलत होती.

आता ते दोघंही नाहीत. मी दर विजयादशमीला नागपूरला जाते, गाडी लांब लावते आणि चालू लागते. पुढच्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत कोणी म्हातारी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालताना दिसते. ते माझे नाहीत हे मला ठाऊक असतं. तरी त्यांचे चेहरे दिसू नयेत म्हणून मी थोडी मागेच चालते.