गोंदताना कोणी गाणं म्हटलं का?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी दोंडाईच्यात नववीत होते. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात एक ओळ होती : जर्मनीत ज्यू लोकांचा अमानुष छळ झाला. परीक्षेत ती ‘परिणाम’ या प्रश्नाखाली लिहायची, एवढंच आम्हाला माहीत. ज्यू कोण, हे वर्गात कोणी विचारलं नव्हतं आणि ते न विचारता मार्कही पूर्ण मिळत होते.

धुळ्यातल्या एका संग्रहालयात त्या छळाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन आलं, तेव्हा इतिहासाच्या बाईंनी आम्हा तीस मुलींना एसटीने तिकडे न्यायचं ठरवलं. मुलींसोबत आणखी एक मोठी बाई हवी म्हणून शाळेतल्या शिपाई अक्का निघाल्या. अक्का पन्नाशीच्या, शिंदखेड्याकडच्या खेड्यातल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. आमच्याशी अहिराणीतच बोलायच्या.

खालच्या दालनात जुन्या मूर्ती होत्या. तिथे आम्ही भरपूर खिदळलो. फोटो वरच्या हॉलमध्ये होते आणि प्रत्येक फोटोखालची माहिती इंग्रजीत. माझं इंग्रजी बरं म्हणून बाईंनी मला मोठ्याने वाचून मराठीत सांगायला उभं केलं. मला आधी फार ऐट वाटली.

तिसऱ्या की चौथ्या फोटोत छतापर्यंत कसलासा ढीग होता आणि बाजूला गच्च भरलेली पोती. “कापूस आहे गं,” मागून एक जण म्हणाली. आम्हालाही तसंच वाटलं. गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात असे ढीग रोज दिसायचे. मी वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“केस आहेत, बाई. बायकांचे. कापून घेतलेले. कारखान्यांना विकायला.”

आम्ही सगळ्या दोन वेण्या, लाल रिबिनी घातलेल्या. माझ्या शेजारच्या मुलीने आपली एक वेणी पुढे घेऊन मुठीत धरली, ती हॉलमधून बाहेर पडेपर्यंत सोडली नाही. केवढा तो ढीग! एका डोक्याचे केस किती, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यावरून डोकी किती, हे मनात धरायला गेले तर मनच पुरेना. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप उतरतो, तसा माझा उतरला. पण तिथे देव असतो. इथे काय होतं ते मला कळत नव्हतं.

पुढच्या फोटोत एका माणसाचा नुसता हात होता. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, निळसर आकडे.

अक्का एवढा वेळ मागे होत्या. त्या पुढे आल्या. “हाई गोंदेल शे का?”

“हो, अक्का. छावणीत आणलं की नंबर गोंदायचे.”

“नाव नही? नुसता आकडा?”

“नुसता आकडा.”

अक्कांनी पदराखालचा आपला हात काढून फोटोशेजारी धरला. त्यावर तुळस होती आणि वेडीवाकडी तीन अक्षरं. “मन्हा भाऊनं नाव शे,” त्या म्हणाल्या. लहानपणी जत्रेत गोंदून घेताना त्या फार रडल्या होत्या. गोंदणाऱ्या बाईने त्यांचा हात मांडीवर घेतला आणि गोंदून होईस्तोवर गाणं म्हटलं. तेवढं सांगून अक्कांनी आमच्या बाईंकडे पाहिलं. “यासले गोंदतांना कोनी गाणं म्हनं व्हई का?”

बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही, अक्का.” शिक्षक असं म्हणू शकतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

येताना एसटीत गाण्यांच्या भेंड्या ठरल्या होत्या, त्या झाल्या नाहीत.

बाईंनी तो प्रश्न सोडला नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला माहेरी गेल्या, तिथल्या ग्रंथालयात बसल्या. सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी मला अक्कांना बोलवायला पाठवलं. अक्का दाराशीच उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं की ते आकडे गोंदायचं काम कैद्यांकडूनच करून घेत. गोंदणाराही बहुतेकदा ज्यूच असायचा, त्याच्याही हातावर आकडा असायचा. नाही म्हटलं तर जीव गेला असता.

“त्यासनाच मानूस?” अक्कांनी विचारलं.

“त्यांचाच.”

अक्कांनी आपल्या हातावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मंग तो हयूहयू गोंदत व्हई.”

हळू गोंदत असेल. दुखू नये म्हणून. एवढं बोलून त्या उठल्या आणि कामाला गेल्या.

पुढे मी त्या काळावर मिळेल ते वाचलं. तो माणूस खरंच जपून सुई चालवायचा की भीतीने काम घाईत उरकायचा, याचं एकच एक उत्तर मला मिळालं नाही. पण अक्षरओळख नसलेल्या एका बाईने सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात माया आहे असं धरून चालावं, हे मी आमच्या वर्गात, पहिल्या बाकावर पाहिलं. त्याचं नवल मला अजून वाटतं.